स्कॅनर माल ‘ओळखत’ नाही

मा. संपादक,
स. न.

न्हावा शेवा बंदरातल्या तपासणीविषयी लिहिताना ‘स्कॅनर कंटेनरमधला माल ओळखतो’ असे सर्रास छापले जाते. एक्स-रे स्कॅनर माल ओळखत नाही, त्याची दाटी दाखवतो. दोन ऊर्जांचे किरण वापरले तर मूलद्रव्य हलके की जड एवढा अंदाज येतो. पण युरेनियम 235 की 238 (एकाच मूलद्रव्याचे दोन प्रकार; अणुबॉम्बसाठी 235 महत्त्वाचा), हे त्या चित्रात कधीच उमटत नाही. एक्स-रेचा व्यवहार इलेक्ट्रॉनांशी, आणि दोहोंतले इलेक्ट्रॉन सारखेच.

त्यासाठी थेट अणुकेंद्रकच गाठावे लागते. नेमक्या ऊर्जेचा गॅमा किरण केंद्रक शोषून घेते आणि लगेच बाहेर टाकते, याला केंद्रकीय अनुनाद प्रतिदीप्ती म्हणतात. युरेनियम 235 ची खूण 1733 केईव्हीला (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट, किरणाच्या ऊर्जेचे माप), 238 ची 2176, 2209 आणि 2245 ला, प्लुटोनियम 239 ची 2143 ला.

डिटेक्टर, म्हणजे किरण मोजणारे यंत्र, ठेवायचा तो किरण येतात त्याच बाजूला, मालातून मागे फिरणारे किरण पकडायला. इलेक्ट्रॉनांवर आपटून उलट फिरलेल्या किरणांची ऊर्जा 250 केईव्हीच्या आसपास घसरलेली असते. डिटेक्टरपुढे 1 सेंमी शिसे ठेवले की त्यांतला हजारी एखादाच पार होतो. 2000 केईव्हीचे मात्र निम्म्याहून जास्त येतात.

खरी गोची ॲल्युमिनियमची. त्याची रेषा, म्हणजे ऊर्जेची खूण, 2212 केईव्हीला, म्हणजे युरेनियम 238 च्या 2209 ला जवळजवळ चिकटून. उत्तम जर्मेनियम डिटेक्टरलाही या ऊर्जेला अडीच-तीन केईव्हीपेक्षा बारीक दिसत नाही, त्यामुळे भांड्यांच्या कंटेनरवर युरेनियमचा आळ येऊ शकतो. म्हणून एका रेषेवर विसंबायचे नाही. 2176 आणि 2245 पाहायच्या, शिवाय प्रत्येकीच्या 45 केईव्ही खाली तिची जोडीदारीण आहे का तेही. ॲल्युमिनियमला अशी जोडी नसते. सोडियम आयोडाइडचा स्वस्त डिटेक्टर इथे बिनकामाचा. त्याला हे सगळे एकच ढिगार दिसते.

दुसरी अडचण वेळेची. रेषेची रुंदी एखाद-दुसरा इलेक्ट्रॉन व्होल्ट, तर साध्या प्रवेगकातून (इलेक्ट्रॉनांना वेग देऊन किरण तयार करणाऱ्या यंत्रातून) निघणारे किरण लाखो इलेक्ट्रॉन व्होल्टांत पसरलेले; बहुतेक वाया जातात आणि वर नुसता गोंगाट वाढवतात. त्यातून प्रवेगक धडधड झटक्यांनी चालणारा असेल तर जर्मेनियम गुदमरते. अखंड झोत हवा. कंटेनरचा पत्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा, त्याचे काही नाही. पण दर 2 सेंमी पोलादाला किरण निम्मे होतात. 10 सेंमी पोलादामागच्या वस्तूपर्यंत बत्तिसावा हिस्सा पोचतो आणि परतताना पुन्हा बत्तिसावा: हजारी एक. तेव्हा सरसकट प्रत्येक कंटेनर यातून काढणे शक्य नाही. एक्स-रेने संशयित जागा दाखवावी आणि झोत तेवढ्यावरच रोखावा.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक कटकट आहे. जर्मेनियमला द्रवरूप नायट्रोजनइतकी थंडी आणि काही हजार व्होल्ट लागतात. पावसाळ्यात थंड भागावर दव धरते, जोडणीत खारा ओलावा शिरतो, विद्युतगळती होते आणि रेषा फुगतात. खोली कोरडी ठेवणे ही चैन नव्हे, तो मोजणीचाच भाग.

आणि हापूसवाल्यांसाठी एक खुलासा: इतक्या ऊर्जेच्या किरणांनी आंबा किरणोत्सारी होत नाही. फळातल्या नेहमीच्या कार्बन-ऑक्सिजनच्या केंद्रकातून न्यूट्रॉन उडवायला 15 एमईव्हीहून (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) जास्त ऊर्जा लागते. इथे काम दोन-तीन एमईव्हीत भागते.

– एक वाचक, उरण