“आपल्या तक्रारीचे समाधान झाले आहे” हा मेसेज आधी मागे घ्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: मक्यातल्या तणनाशकाच्या पेटीत निघालेला खराब स्टिकर (औषध पानाला चिकटावं म्हणून मिसळायचं द्रव) आणि परस्पर बंद केलेली तक्रार.

आत्ताच तुमच्या टोल फ्री नंबरचा फोन ठेवलाय. भाषा तापलेली वाटली तर वाटू द्या.

टेम्बोट्रायोन हे तणनाशक तुमचंच आहे, तेव्हा ते कसं चालतं हे मी सांगत बसत नाही. एकरी ११५ मिली, सोबत पेटीतला स्टिकर, तण दोन ते चार पानांवर, जमिनीत ओल, फ्लॅट फॅन नोझल. तुमच्या घडीपत्रिकेत आहे तसंच सगळं केलं. सील फोडलं तर स्टिकरच्या बाटलीत दह्यासारख्या गुठळ्या. दुकानदाराने तिथूनच तुमच्या प्रतिनिधीला फोन लावून दिला. ते म्हणाले, “कोमट पाण्यात ठेवा, सुटेल, बिनधास्त मारा.” अर्धं सुटलं, अर्धं बुडाशी चिकटून राहिलं. पुन्हा विचारलं तर म्हणाले, “चालतंय हो, काही होत नाही.”

खरंच काही झालं नाही. तणांपैकी घोळ आणि माठ तेवढे गेले. केना आणि शिप्पीचं गवत पांढरे पडले, औषध लागू पडतंय म्हणून मला बरं वाटलं, आणि मग दोन्ही पुन्हा सावरले. आज केन्याचं जुनं पान टोकाला पांढरं आहे आणि खालच्या पेऱ्यातून हिरवागार फुटवा निघालाय. लव्हाळ्याबद्दल माझी तक्रार नाही. तो या औषधाने जात नाही हे मला ठाऊक आहे, उगाच तिकडे गाडी वळवू नका. शेजारच्या शेतात हेच औषध दुसऱ्या बॅचचं मारलंय, तिथे शिप्पी वाळून गेली.

आता आजचा फोन.

“सर, गवत पांढरं झालं होतं का?”
“झालं होतं. परत हिरवं झालं.”
“म्हणजे औषधाने काम केलं, सर.”
मी म्हटलं, “अहो, तण उभं आहे.”
“मग सर, तुम्ही ग्लायफोसेट मारा.”
“मक्यावर?”
“हो सर. सगळं गवत मुळासकट जाईल.”
“आणि मका?”
थोडा वेळ टायपिंगचा आवाज आला. मग अगदी समजावणीच्या सुरात, “सर, मका पण गवतवर्गीयच असतो ना.”

शास्त्राप्रमाणे फोनवरच्या पोराचं चुकलं नाही. पण गवतवर्गीय मक्यातलं गवत मारायचं आणि मका ठेवायचा, याच करामतीचे तर तुम्ही पैसे घेता! हा फरक तुमच्या औषधाला कळतो, ते विकणाऱ्यांना कळत नाही. शिवाय ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय कुणी वापरू नये असा आदेश केंद्र सरकारने २०२२ मध्येच काढलाय. तो तुमच्या ऑफिसात पोचला नसेल तर मी झेरॉक्स पाठवतो. आणि मी फोन ठेवतो न ठेवतो तोच मेसेज, “आपल्या तक्रारीचे समाधान झाले आहे.” कुणाचं?

प्रतिनिधी “शेतावर येऊन बघतो” म्हणाले होते. अजून येतायत. मक्याला तणाचा खरा मार पहिल्या दीड महिन्यात बसतो, हे तुमच्याच पोस्टरवर छापलंय. तो काळ ‘उद्या येतो’ ऐकण्यात गेला. तण आता वितभर झालंय, पुन्हा फवारून उपयोग नाही. कोळपं दोन ओळींच्या मधलं काढतं, बुडाजवळचा केना तसाच राहतो. खुरपून बांधावर टाकला तर पाऊस लागताच पेऱ्यापेऱ्याला मुळ्या धरतो. म्हणजे बायांची मजुरी वेगळी आणि तण शेताबाहेर वाहून न्यायचं काम वेगळं. मजुरी वाचावी म्हणून तर तुमची महागाची पेटी घेतली होती.

सिल्लोड तालुक्यात मका किती होतो हे तुमच्या विक्री विभागाला विचारा. आमच्या गावात तुमचं नाव मीच चालवलं. आता लोक मलाच विचारतात आणि मी खरं ते सांगतो.

तक्रार पुन्हा उघडा. माणूस शेतावर पाठवा, मका आणि शिप्पी वेगळी ओळखणारा. या बॅचच्या स्टिकरमध्ये काय बिघडलं ते लेखी कळवा, पेटीची किंमत आणि खुरपणीचा खर्च द्या. आठवड्यात उत्तर आलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन दुकानातल्या याच बॅचचा नमुना काढायला सांगेन, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आणि हो, स्टिकर खराब होता. तिसऱ्यांदा लिहितोय, कारण फोनवर ते कुणी लिहूनच घेतलं नाही.

बिल, बॅच नंबर आणि शेताचे फोटो जोडले आहेत. गुठळ्यांची बाटली जोडलेली नाही. ती माझ्याकडेच राहील.

आपला (अजून तरी) ग्राहक