ऊर्जेचा धडा किनाऱ्यावर शिकवा

महोदय,

ऊर्जेची रूपांतरे मुलांकडून व्याख्या घोकून घेत शिकवली जातात, याचे फार वाईट वाटते. कोकणातल्या शाळांच्या तर दारातच प्रयोगशाळा आहे. भर दुपारी पुळणीवर तळवे भाजतात, शेजारचे पाणी मात्र गार लागते. ऊन एकच, पण पाणी तापायला कितीतरी जास्त उष्णता लागते. म्हणूनच दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीवरून मतलई वारे सुटतात. मुलांनी आठवडाभर वाऱ्याची दिशा वहीत टिपली, तर हे कधीच विसरणार नाहीत.

पावसाळ्यात वीज चमकली की गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजायला लावा, अर्थात घरात राहूनच. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, प्रकाश तीन लाख किलोमीटर. म्हणजे तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर.

चिपळूणजवळ पोफळीला कोयनेचे पाणी सह्याद्रीतून कोसळून टर्बाइन फिरवते आणि गतीची वीज होते. शिक्षण विभागाने अशा सहलींसाठी शाळांना निदान एसटीचा खर्च द्यावा.

– एक पालक, गुहागर