दोन लाइनच्या फोनसोबत एका लाइनची वायर

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : दोन लाइनच्या कॉर्डलेस फोनची सदोष वायर व होल्ड बटण

महोदय,

माझे ऑफिस घरातच आहे. एक लाइन घरची, एक कामाची. दोन्ही एकाच हँडसेटवर घेता याव्यात म्हणून तुमचा दोन लाइनचा कॉर्डलेस फोन घेतला. पहिल्याच दिवशी ‘लाइन २’ दाबले तर डायल टोनच नाही.

मदत केंद्राला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच पालुपद : "तुमची लाइन डेड असेल." दोन्ही लाइन वेगळ्या करणारा स्प्लिटर भिंतीतल्या सॉकेटला लावून त्याच दुसऱ्या लाइनवर जुना साधा फोन जोडला तर टोन खणखणीत येतो, हे सांगून पाहिले. ऐकतो कोण?

शेवटी रात्री टेबललॅम्पखाली तुमची वायर धरली. पारदर्शक प्लगमध्ये पिवळसर पट्ट्या फक्त दोन, मधल्या. दोन लाइनना चार लागतात : मधली जोडी पहिल्या लाइनची, तिच्या दोन्ही बाजूंची दुसरीची. तुमच्याच पुस्तिकेतल्या आकृतीत चार काढल्या आहेत! म्हणजे दुसरी लाइन बेसपर्यंत पोचणार कशी? ड्रॉवरमधली जुनी चार तारांची वायर लावली आणि टोन आला.

पण तिढा सुटला नाही. कामाच्या लाइनवर बोलताना घरची लाइन वाजली की होल्ड दाबून ती घ्यायची, एवढ्यासाठी तर हा फोन. होल्ड दाबताच पहिला कॉल तुटतो. एका ग्राहकाला दोनदा असा अनुभव आला. त्यांना वाटले, मी फोन आपटला. आन्सरिंग मशीन फक्त पहिल्या लाइनचे निरोप घेते, हेही खोक्यावर नाही, पुस्तिकेत आतल्या पानावर बारीक अक्षरात आहे.

आवाज स्वच्छ आहे, बॅटरी दिवसभर पुरते. वीज गेली की बेस बंद पडतो, पण ते बहुतेक कॉर्डलेसचे असतेच. त्यासाठीच जुना फोन ठेवला आहे.

तरी चार तारांच्या वायरसह संपूर्ण सेट बदलून द्यावा. त्यातही होल्ड चालले नाही तर पूर्ण पैसे परत हवेत, दुरुस्ती नको. १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. आणि ‘लाइन २ बंद’ म्हणून कोणी फोन केला, तर आधी प्लगमधल्या पट्ट्या मोजायला सांगा, एवढे मदत केंद्रातल्या मंडळींना कळवावे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, दोन्ही वायरींच्या प्लगचे फोटो