बत्तीस सेकंदांनी तुटणारा कॉल

इंदूर, रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वडोदऱ्याच्या तुमच्या कार्यालयात सिपवर, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्याच्या पद्धतीवर, चालणारा फोन लागतो, दोन्हीकडे आवाज नीट येतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास कॉल आपोआप तुटतो, हे वाचताच माझा संशय एसीके या चिमुकल्या संदेशावर गेला. येथे पलासियातील एका कार्यालयात हेच दुखणे होते, आणि तेथेही सगळ्यांनी आधी इंटरनेटलाच दोष दिला होता.

कॉल ३२ सेकंदांनीच तुटतो का, ते प्रथम घड्याळ लावून पाहा. फोन उचलणाऱ्याचे उपकरण ‘२०० ओके’, म्हणजे ‘कॉल घेतला’ हे उत्तर, पाठवते आणि त्याची पोच, म्हणजे एसीके, मिळेपर्यंत तेच उत्तर पुन्हा पुन्हा पाठवत राहते. आधी अर्ध्या सेकंदाने, मग एका, दोन आणि पुढे चार-चार सेकंदांनी. सिपचे नियम सांगणाऱ्या २००२ सालच्या आरएफसी ३२६१ नुसार हे ३२ सेकंद चालते आणि तरीही पोच आली नाही, तर ते उपकरणच ‘बाय’ पाठवून कॉल संपवते. आवाज आरटीपीच्या, म्हणजे ध्वनी वाहून नेणाऱ्या पद्धतीच्या, वेगळ्या वाटेने जात असल्यामुळे तोपर्यंत कोणाला शंकाही येत नाही.

आता प्रॉक्सीवर, म्हणजे संदेश पुढे पाठवणाऱ्या मधल्या सर्व्हरवर, एसएनग्रेप हे सिप संदेश दाखवणारे साधन लाव आणि एसीके तेथवर येतो का, व येत असल्यास पुढे कोणत्या पत्त्यावर जातो, एवढेच बघ. पलासियात तो येत होता, पण प्रॉक्सी त्याला १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्याकडे रवाना करत होता. राउटरमागच्या फोनने ‘२०० ओके’च्या कॉन्टॅक्ट या पत्त्याच्या रकान्यात स्वतःचा अंतर्गत पत्ता लिहिला होता, पाकिटावर घर क्रमांक लिहावा आणि गावाचे नाव गाळावे, तसा. आरपोर्ट ही सिपमधील सोय सुरू असल्याने हे आपोआप सुटेल, असे बरेच जण समजतात. ते मला अजिबात पटत नाही, कारण आरपोर्ट फक्त उत्तरांची परतीची वाट सांभाळतो, आणि एसीके व बाय या नव्या विनंत्या असतात. तुमच्या कामेलियो या प्रॉक्सी सॉफ्टवेअरमध्ये उत्तर परतताना खरा पत्ता नोंदवणारे सेट_कॉन्टॅक्ट_एलियस आणि चालू कॉलमधील विनंत्यांवर तो पत्ता वापरणारे हँडल_आरयूआरआय_एलियस, ही दोन्ही फंक्शने हवीत. एकानेच भागत नाही.

एसीके प्रॉक्सीपर्यंत पोचतच नसेल, तर रेकॉर्ड-रूट, म्हणजे पुढचे संदेश आपल्यामार्गेच यावेत म्हणून प्रॉक्सी संदेशात घालतो तो स्वतःचा पत्ता, तपास. सर्व्हर क्लाउडवर असल्यामुळे त्यात अंतर्गत पत्ता जात असण्याचा मोठा संभव आहे. कामेलियोच्या सेटिंगमधील लिसनच्या ओळीत ॲडव्हर्टाइझ लिहून बाहेरचा पत्ता दे. शाखेच्या राउटरमधील सिप एएलजी, म्हणजे सिप संदेशांतील पत्ते परस्पर बदलणारी सोय, मात्र काहीही विचार न करता बंद कर.

काही ठिकाणी कॉल सुरू करणारा इनव्हाइट हा संदेशच पोचत नाही, असेही तू लिहिले आहेस. तो दोष निराळा वाटतो. संदेश १३०० बाइटांपेक्षा मोठा असेल, तर यूडीपी या वाहतूक पद्धतीवर त्याचे तुकडे होऊ शकतात आणि काही फायरवॉल ते तुकडे टाकून देतात. संदेश लहान करण्यासाठी नको असलेले कोडेक, म्हणजे आवाजाच्या सांकेतिक पद्धती, यादीतून काढ किंवा यूडीपीऐवजी टीसीपी वापर.

दोन्ही टोकांची पॅकेटे एकाच वेळी टिपून मला पाठव. रात्री जेवणानंतर मी निवांत असतो, तेव्हा फोनवरच ओळ न् ओळ पाहू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मित्र