लमारला शिव्या द्यायच्या तर आम्ही देऊ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इकडे मेरीलँडमध्ये आमच्या घरात मी आणि लेक असे दोघं रेव्हन्सचे, म्हणजे बाल्टिमोरच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे फॅन, नवरा अजून क्रिकेटमधून बाहेर आलेला नाही. तुमचा पेपर रोज मोबाईलवर वाचते. तर मराठी पेपरात चक्क अमेरिकन फुटबॉलवर लेख आलाय बघून इतका आनंद झाला की आधी लेकाला हाक मारून दाखवला, आणि मग वाचायला घेतला तर अर्ध्यावर येईपर्यंत डोकंच फिरलं. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमचा खेळ चालवणारा, लमार जॅक्सन मोठ्या मॅचला कच खातो, एवढंच सांगायला अख्खं अर्धं पान! हे तर इथल्या टीव्हीवर रोज सकाळी कोट घालून बसलेले चार जण एकमेकांवर ओरडत सांगतच असतात, ते मराठीत आणून नवीन काय मिळालं?

आता आकडा खरा आहे, तो मी नाकारत नाही. जानेवारी २०२५ पर्यंत प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीच्या, ८ मॅच खेळला, ३ जिंकल्या ५ हरल्या. दोनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू झालेल्या, त्यातही २०१९ ला ५० पैकी ५० मतं मिळालेल्या क्वार्टरबॅकसाठी हा आकडा चांगला नाहीच. पण त्या ५ मॅचमध्ये झालं काय ते तुमच्या लेखकाने एका ओळीत तरी लिहायला नको का?

मी त्यातली एक मॅच डोळ्यांनी बघितलीये. २८ जानेवारी २०२४, बाल्टिमोरमध्ये, समोर कॅन्सस सिटी चीफ्स, जिंकलो तर सुपर बोल, म्हणजे फायनल. १७-१० ने हरलो. लमारने त्या दिवशी चुका केल्या, शेवटच्या क्वार्टरमध्ये तीन-तीन डिफेंडर उभे होते तिथे गोल लाईनच्या पलीकडे एंड झोनमध्ये बॉल मारला आणि तो त्यांनी अलगद उचलला, त्या पासला माफी नाही, मी स्वतः तेव्हा काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण त्याच्या थोडंच आधी आमचा झे फ्लॉवर्स बॉल घेऊन गोल लाईनच्या अगदी तोंडाशी होता, एक यार्ड म्हणजे हात लांबवला की टचडाउन, सहा पॉइंट, आणि त्याच लांबवलेल्या हातातून चीफ्सच्या स्नीडने बॉल उडवला. आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर लेखात अवाक्षर नाही. त्या सीझनला बॉल घेऊन पळण्यात रेव्हन्स अख्ख्या लीगमध्ये पहिले होते, आणि त्या दिवशी कोच मंडळींनी रनिंग बॅक्सच्या, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्यांच्या हातात बॉल दिला किती वेळा, तर ६ वेळा! अख्ख्या मॅचमध्ये! बरं आपल्या डिफेन्सने सेकंड हाफमध्ये चीफ्सना एक पॉइंट करू दिला नाही, म्हणजे धावाधाव करून मॅच ओढायचीही काही गरज नव्हती. हे सगळं बाजूला ठेवायचं आणि म्हणायचं लमारने कच खाल्ली.

मॅच संपल्यावर लाइट रेलने परत निघालो. डबा जांभळ्या जर्सींनी गच्च भरलेला, आणि कोणी वारल्यासारखी शांतता. माझ्या समोर एक साठीचे आजोबा उभे होते, लमारची ८ नंबरची जर्सी उलटी करून घातलेली, शिवण बाहेर, आणि स्टेशनामागून स्टेशन ते लमारला तोंडातल्या तोंडात शिव्या घालत होते, तो पास का मारला, पळाला का नाही, डोळे कुठे होते. आम्ही सगळे माना हलवत होतो. तेवढ्यात दाराजवळचा चीफ्सच्या लाल टोपीतला एक पोरगा हसून म्हणाला की लमारला मोठी मॅच झेपतच नाही. झालं! आजोबा असे काही गर्रकन वळले, आणि पुढची दहा मिनिटं त्याला २०१९ पासूनचा हिशोब ऐकवला, १२०६ यार्ड पळालाय एका सीझनला, कुठल्या क्वार्टरबॅकने तेवढं केलंय सांग, आणि आम्ही मगाशी माना हलवणारे सगळे आता आजोबांच्या बाजूने. पोरगा पुढच्या स्टेशनला उतरला, त्याचं स्टेशन तेच होतं की नाही देव जाणे.

हसू नका, फॅन असेच असतात. घरचं कार्टं म्हणून आम्ही धपाटा घालू पण शेजारच्याने बोट लावायचं नाही. आपल्याकडे वानखेडेवर २००६ मध्ये सचिन १ रनवर आउट झाला तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडवली होतीच की, पण तेच लोक बाहेरच्या कोणी सचिनला काही बोललं की अंगावर धावून जायचे.

पण लमारच्या बाबतीत आम्ही जरा जास्तच हळवे आहोत आणि त्याला कारण आहे. २०१६ ला कॉलेज फुटबॉलची सगळ्यात मोठी हाइजमन ट्रॉफी जिंकलेला पोरगा, २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या राउंडला अगदी शेवटी, ३२ वा गेला, त्याच्या आधी ४ क्वार्टरबॅक उचलले गेले. आणि ड्राफ्टच्या आधी बिल पोलियनसारखा मोठा माणूस, टीम बांधण्यात ज्याने आयुष्य घालवलं, तो सांगत होता की याने क्वार्टरबॅक होण्याचा नाद सोडून रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारा व्हावं. नंतर पोलियनने आपलं चुकलं हे कबूल केलं, ते त्याचं मोठेपण. पण लमारसारख्या काळ्या क्वार्टरबॅकला तू पळ, विचार करायचं काम दुसऱ्याला दे, असं सांगायची इथे फार जुनी सवय आहे. २००३ मध्ये रेडिओवाल्या रश लिंबॉने इएसपीएन या स्पोर्ट्स चॅनलवर डोनोव्हन मॅक्नॅब या काळ्या क्वार्टरबॅकबद्दल काढलेले उद्गार, की काळा क्वार्टरबॅक यशस्वी व्हावा असं मीडियाला वाटतं म्हणून त्याचा उदोउदो होतो, त्यावरून आठवड्याच्या आत लिंबॉला कार्यक्रम सोडावा लागला होता. तुमच्या लेखकाच्या मनात तसं काही असेल असं मी अजिबात म्हणत नाही. पण लमारला दबाव कळत नाही, तो फक्त पळतो, अशी वाक्यं इथे राहणाऱ्या माणसाच्या कानाला कशी लागतात ते सांगतेय.

आणि फक्त पळतो म्हणे! २०२४ च्या सीझनला ४१७२ यार्ड पास मारले, ४१ टचडाउन, इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पकडलेले पास, फक्त ४, वर ९१५ यार्ड पळाला. पासचे ४००० आणि पळण्याचे ९०० हे एकाच सीझनला त्याच्या आधी कोणालाच जमलं नव्हतं. (एमव्हीपी त्या वर्षी बफेलोच्या जॉश अ‍ॅलनला दिला, तो वेगळा वाद, त्यावर मी सुरू झाले तर पत्र संपणार नाही.)

मग जानेवारी २०२५, बफेलो बिल्सविरुद्धची ती मॅच, लेखात जिला लमारच्या पराभवांची पुनरावृत्ती म्हटलंय. पहिल्या हाफमध्ये त्याने एक इंटरसेप्शन दिला, एकदा हातातून बॉल सुटून (फंबल) घालवला, मान्य, शंभर टक्के त्याच्या चुका. पण शेवटी दीड मिनिट उरलं असताना त्याने टचडाउन मारून २७-२५ केलं, आणि बरोबरीच्या दोन पॉइंटसाठी आमच्याच मार्क अँड्र्यूजला बॉल दिला तो बरोबर हातात गेला आणि निसटला. लमारने नंतर अँड्र्यूजवर बोट दाखवलं नाही. आम्ही मात्र फॅन लोकांनी सोशल मीडियावर अँड्र्यूजला जे काही लिहिलं ते वाचून मलाच लाज वाटली, तेव्हा मीडियाला सुनावताना आमचं तोंडही फार स्वच्छ आहे असा दावा नाही. आणि तिकडे बफेलोच्या फॅन्सनी काय केलं, तर अँड्र्यूजला टाइप १ डायबिटीस आहे म्हणून त्या आजारासाठी काम करणाऱ्या संस्थेला पैसे पाठवायला सुरुवात केली, लाखाच्या वर डॉलर जमले. याच लोकांनी २०२१ ला लमार त्यांच्याविरुद्ध खेळताना डोक्याला मार लागून बाहेर गेला तेव्हा त्याच्या आवडीच्या संस्थेला, जी शाळेतल्या मुलांना वीकेंडचं खाणं देते, तिलाही असेच भरभरून पैसे दिले होते. जिंकलेल्या टीमचे फॅन हो हे! यावर लिहायला तुमच्या लेखकाला जागा उरली नसावी.

टीका करा, जरूर करा, त्या तीन डिफेंडरवाल्या पासवर पान भरून लिहा, मी कात्रण काढून ठेवीन. फक्त मॅच बघून लिहा.

आणि हो, लेखासोबत छापलेला फोटो. खाली नाव लमार जॅक्सनचं आहे आणि वर २२ नंबरची जर्सी घातलेला आमचाच रनिंग बॅक डेरिक हेन्री पळतोय. लमारचा नंबर ८.

आपली,
एक वाचक, मेरीलँड