ट्रॉलीला तिचा स्वतःचा दिवा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एस.टी.त २९ वर्षं गाडी चालवली. त्यातली बरीच वर्षं रात्रीच्या फेऱ्यांवर गेली, यवतमाळ, आर्णी, माहूर, उमरखेड याच पट्ट्यात. रस्त्यात अंधारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची धास्ती तेव्हापासून अंगात मुरलेली आहे. गेल्या दत्तजयंतीला मात्र अशीच एक ट्रॉली माझ्याच घरची होती. म्हणून हे पत्र.

माहूरला दोन मुक्काम करायचे म्हणून पुतण्याने घरच्या ट्रॉलीवर लोखंडी कमानी वेल्ड केल्या, वर ताडपत्री ओढली. खाली कुटार, म्हणजे भुसा, पसरून त्यावर गाद्या घातल्या आणि फाळक्याला, म्हणजे मागच्या उघडत्या पत्र्याला, लागून पाण्याचा ड्रम नि चुलीचं सामान ठेवलं. छान बिऱ्हाड झालं होतं. ट्रॉलीत माणसं बसवून नेण्याची कायद्याने मुभा नाही, हे मला ठाऊक आहे. नोकरीत असताना मीच दहा जणांना सांगितलं असेल. तरी घरचे निघाले तेव्हा मी अडवलं नाही, ही माझी चूक.

परतीच्या रात्री आर्णीच्या अलीकडे डावं चाक बसलं. ट्रॉली रस्त्याच्या कडेला घेतली खरी, पण साइडपट्टी खचलेली, त्यामुळे अर्धी ट्रॉली डांबरावरच राहिली. पुतण्याने जॅक लावून चाक खोललं, ट्रॅक्टरची पिन काढली आणि चाक घेऊन पंक्चरवाल्याला उठवायला गेला. ट्रॅक्टर गेला तसे ट्रॉलीचे मागचे दोन्ही दिवेही गेले. आत तीन बाया आणि चार लेकरं झोपलेली. मी वीस पावलांवर दगड मांडले, बाभळीची फांदी टाकली आणि मोबाइलची बॅटरी लावून उभा राहिलो.

अर्ध्या तासात एक ट्रक आला. टायर घासल्याचा आवाज झाला, जळक्या रबराचा वास आला आणि ट्रक फाळक्यापासून दोन हातांवर येऊन थांबला. ड्रायव्हर पोरगाच होता, खाली उतरला तेव्हा त्याचे हात कापत होते. म्हणाला, “बुढेबा, मले मोबाइल दिसला जी, पन ट्राली दिसलीच नाई. मले वाटलं कोनी पायी चाललं.” त्याला मी काय बोलणार? त्याच्या जागी मी असतो तर मलाही दिसली नसती. सगळ्यांना उठवून शेताच्या धुऱ्यावर नेऊन बसवलं आणि ट्रॅक्टर परत येईपर्यंत थंडीत तिथेच बसलो.

हिशेब साधा आहे. ताशी ७० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात १९ मीटरहून जास्त अंतर कापते. समोरून गाडी आली की डिपर मारून दिव्यांचा झोत खाली घ्यावा लागतो आणि डिपरवर धुळीने मळलेली, गंजलेली ट्रॉली ३०-४० मीटरवर आल्याशिवाय कळत नाही. म्हणजे ड्रायव्हरच्या हातात जेमतेम दोन सेकंद. त्यातला एक तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. मोटारसायकलवाल्याचं आणखी वाईट, कारण फाळका नेमका त्याच्या छातीच्या उंचीवर येतो.

घरी आल्यावर पुतण्याला घेऊन बसलो आणि ट्रॉलीला जादा दिवे लावले. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो. दोन लाल एलईडी दिवे घेतले, बारा व्होल्टचे, तीन-तीन वॅटचे. फाळका उघडला की लोंबतो, म्हणून ते फाळक्यावर लावले नाहीत. मागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या उभ्या अँगलवर, खालच्या जुन्या दिव्यांच्या वर लावले. दोन्ही टोकांना दोन, म्हणजे ट्रॉली किती रुंद आहे ते कळतं. एकच दिवा दिसला की मागचा समजतो, मोटारसायकल चालली आहे.

खरं काम वीज कुठून घ्यायची याचं होतं. फवारणीच्या पंपाची बॅटरी घरोघरी आहे, १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची. हे दोन दिवे मिळून अर्धा अँपिअर ओढतात, म्हणजे बॅटरी चांगली असेल तर रात्र सहज निघते. ती बॅटरी पत्र्याच्या डब्यात घालून ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला बसवली. मधे टू-वे बटण आहे. एका बाजूला ट्रॅक्टरचा प्लग, दुसऱ्या बाजूला ही बॅटरी, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. फ्यूज लावला, वायर उंदरांपासून वाचावी म्हणून पाइपातून नेली. दिवे, वायर, बटण, फ्यूज मिळून तेराशे रुपयांच्या आत काम झालं.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. आमचा खालचा डावा दिवा खड्ड्यात गेला की विझायचा, वर आला की पेटायचा. बल्ब तीनदा बदलला होता. दोष अर्थिंगचा निघाला. ट्रॉली बनवणाऱ्याने अर्थिंगची वायर टाकलीच नव्हती. करंट परत जायचा तो जोडणीच्या पिनमधून, आणि तिथे ग्रीस, माती, गंज. वेगळी वायर प्लगपर्यंत नेली आणि दिवा सुधारला. ज्यांचे दिवे असे लुकलुकतात त्यांनी आधी हेच पाहावं.

वरच्या दिव्यांची वायर दोन हात जास्त ठेवली आहे. कुटार किंवा कापसाची पऱ्हाटी भरली की भारा बाहेर येतो आणि दिवे झाकले जातात. तेव्हा ते खोलून बाहेर दोरीला बांधता येतात.

काही जण हौसेने मागे रंगीबेरंगी लुकलुकणारे दिवे लावतात, कापूस उतरवायला पांढरा फोकस लावतात आणि तो तसाच चालू ठेवतात. हात जोडून सांगतो, हे करू नका. लुकलुकीत ब्रेकचा दिवा हरवतो. आणि अंधारात पांढरा उजेड दिसला की ड्रायव्हरला वाटतं, समोरून गाडी येते आहे. रेडियमची पट्टी जरूर लावा, पण तिच्यावर दुसऱ्याच्या दिव्याचा उजेड पडल्याशिवाय ती चमकत नाही आणि धूळ बसली की तीही जाते. आमच्या आजोबांच्या बंडीखाली रात्री कंदील टांगलेला असायचा. बैल सोडून बंडी उभी केली तरी कंदील बंडीपाशीच राहायचा. ट्रॉलीला तेवढंही नाही.

आता कापसाचा हंगाम आहे. डिसेंबरात सहाच्या आत दिवस मावळतो आणि त्याच वेळी ट्रॉल्या जिनिंगकडे, बाजार समितीकडे निघतात. बाजार समित्यांना माझी विनंती आहे की काट्यावर ट्रॉलीचा नंबर लावताना मागचे दिवे पेटवून दाखवायला सांगा. दिवा नसेल तर कास्तकाराला परत पाठवू नका, त्याचे हाल होतात. तिथेच बसवून द्या. तालुक्याच्या आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकची, इलेक्ट्रिशियनची पोरं शिकतात. हंगामाचे दोन महिने त्यांना बाजाराच्या दिवशी आवारात बसवलं तर त्यांचा हातही बसेल. आणि ट्रॉली बनवणाऱ्या कारागिरांनी अर्थिंगची वायर आणि बॅटरीचा डबा पहिल्यापासूनच द्यावा. गिऱ्हाइकाने मागण्याची वाट पाहू नये.

आमची ट्रॉली बाजाराच्या दिवशी आर्णीच्या आवारात काट्याजवळ उभी असते, निळ्या कमानींची. ज्यांना वायरिंग पाहायचं असेल त्यांनी डबा उघडून पाहावं. पुतण्या तिथेच असतो.

आपला,
एक निवृत्त एस.टी. चालक
ता. आर्णी, जि. यवतमाळ