चंगाई सभेत सांगितल्या न जाणाऱ्या साक्षी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या वस्तीत चंगाई सभेची पत्रके घरोघर वाटली गेली. विश्वास धरा म्हणजे प्रभू तुमचा आजार दूर करील, असा त्यांतील मजकूर होता. जादूटोणाविरोधी कायद्याच्या चौकटीत अशा सभा बसतात की नाही हा प्रश्न वेगळा आहे आणि तो जाणकारांनी पाहावा. मी तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातला, मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, वाढलेला माणूस आहे आणि माझी तक्रार घरातली आहे. त्या पत्रकातील वाक्याला एक उत्तरार्ध असतो, जो कधी छापला जात नाही, पण ऐकणाऱ्याला नेमका कळतो: आजार गेला नाही, तर विश्वास कमी पडला.

माझ्या पत्नीचे मूत्रपिंड निकामी झाले होते आणि आठवड्यातून दोनदा तिचे डायलिसिस होत असे. मंडळीने आमच्यासाठी साखळी प्रार्थना केली, उपवास केले, आणि त्या माणसांचे ऋण मी विसरणार नाही. त्याच काळात बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकाने तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि यंत्रावर भरवसा ठेवणे हे अविश्वासाचे लक्षण आहे असे सांगितले. तिने डायलिसिसची एक पाळी चुकवली. पुढे चार महिन्यांनी ती प्रभूमध्ये निजली. त्या एका चुकलेल्या पाळीमुळे ती गेली असे मी म्हणत नाही, डॉक्टरांनीही तसे म्हटले नाही. परंतु शेवटच्या दिवसांत तिने मला तीन-चार वेळा विचारले, "माझाच विश्वास कमी पडला का हो?" आयुष्यभर पहाटे उठून गुडघे टेकणाऱ्या बाईला मरताना हा प्रश्न पडावा, याचे मला तिच्या जाण्याइतकेच दुःख आहे.

ज्या पवित्र शास्त्राच्या आधारे हे सांगितले जाते, तेच शास्त्र या शिकवणुकीला जागा देत नाही. बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांत प्रेषित पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजारी माणसांवर घातले असता ती बरी होत, असे लिहिले आहे, आणि चंगाई सभेत हे वचन हमखास वाचले जाते. तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, अगदी सहज, घरच्या निरोपासारखे कळवतो की सोबती त्रफिम आजारी असल्यामुळे त्याला मी मिलेत येथे ठेवून आलो. हे वचन मी कोणत्याही सभेत ऐकलेले नाही. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले आणि त्याच्या विश्वासाची झडती घेतली नाही. स्वतःच्या शरीरातील काट्यासाठी तर त्याने प्रभूला तीनदा विनवले. काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर मिळाले. आणि गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने हा दुःखाचा प्याला टळून जावा अशी प्रार्थना केली, तो प्याला टळला नाही. तिथे कोणाचा विश्वास कमी पडला होता, हे या प्रचारकांनी एकदा सांगावे.

याकोबाच्या पत्रातील, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील, हे वचन माझ्यापुढे ठेवले जाईल याची मला कल्पना आहे. तो अध्याय नीट वाचावा. तिथे दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलवायचे आहे, तेल लावून प्रार्थना करायची आहे ती वडिलांनी. हिशेबच मांडायचा झाला, तर विश्वासाची तूट अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या खाती टाकण्याआधी प्रार्थना करणाऱ्यांनी आपली वही उघडावी!

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या सभांतून वारंवार दिले जाते, पण अर्धेच. दुष्काळात त्यांनी आई-वडील आणि थोरली बहीण गमावली, त्याआधी त्या कुटुंबाने केलेली व्रते आणि अनुष्ठाने फळाला आली नाहीत, आणि पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, इथवरची कथा मोठ्या उत्साहाने सांगितली जाते. इतरांच्या प्रार्थना वाया गेल्या आणि आमच्या ऐकल्या गेल्या, असा तिचा रोख असतो, जो मला तरी अशोभनीय वाटतो. उरलेली कथा केडगावची, त्यांनी तिथे उभारलेल्या मुक्ती मिशनची आहे. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती मुक्तीचे काम सोपवायचे त्यांच्या मनात होते, १९२१ मध्ये चाळिशीतच वारली. १९०५ पासून ज्या आवारातील प्रार्थनांची कीर्ती दूरवर गेली होती, तिथे प्रार्थना करणारे हात कमी होते असे कोण म्हणेल? रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगल्या, ५ एप्रिल १९२२ पर्यंत, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी पुरे केले. लेकीच्या मृत्यूनंतर गेथशेमानेच्या त्या ओळी त्यांच्या नजरेखालून पुन्हा गेल्या असतील का, हा विचार मला अनेकदा शिवून जातो.

आमच्या उपासनेत स्तुतीची गीते भरपूर आहेत. गाऱ्हाण्याला जागा उरलेली नाही. वास्तविक स्तोत्रसंहितेत 'हे परमेश्वरा, कोठवर?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, पुढे दिलाशाची एक ओळ नाही. ते स्तोत्र कोणी गाळून टाकले नाही. देवाशी भांडण्याची मराठी माणसाला तर जुनी सवय आहे. जनाबाईने विठोबाला शिव्या दिल्या, तुकोबांनी त्याच्याशी वाद घातला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणारे रेव्हरंड टिळक आमचेच. गाऱ्हाणे माणूस परक्याच्या दारात घालत नाही. पत्नी गेल्यावर सात-आठ महिने मी चर्चमध्ये बसून राहत असे, गीत म्हणत नसे, प्रार्थनेच्या वेळी माझ्या मनात फक्त 'का?' एवढाच शब्द असे. तो अविश्वासाचा काळ होता असे मला तेव्हा वाटे. आज वाटते की ज्याच्यावर रागावलो होतो त्याच्याच घरी मी दर रविवारी जात होतो.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना करू नये असे मी मुळीच म्हणत नाही. मी स्वतः रोज करतो आणि मागताना बरे होणेच मागतो. दानिएलाच्या पुस्तकातील ते तिघे तरुण भट्टीसमोर उभे राहून राजाला म्हणाले की आमचा देव आम्हांला सोडवण्यास समर्थ आहे, आणि त्याने न सोडवले तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. चंगाईच्या पत्रकात पहिले अर्धे वाक्य मोठ्या टायपात असते. दुसरे अर्धे छापण्याचे धैर्य आयोजकांनी दाखवावे आणि सोबत औषधोपचार थांबवू नयेत अशी स्पष्ट ओळ टाकावी, एवढी माझी मागणी आहे.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्षीची वेळ असते. नोकरी लागली, गाठ विरघळली, व्हिसा मिळाला, अशा साक्षी मी आनंदाने ऐकतो. ज्यांचे मागणे मान्य झाले नाही आणि तरी जे बाकावर येऊन बसतात, त्यांनाही त्या वेळी उभे राहता यावे, असे मी पाळकसाहेबांना सुचवले आहे. त्यांनी विषय मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीपुढे ठेवण्याचे मान्य केले आहे. परवानगी मिळाली, तर पहिले नाव माझे लिहून घ्यावे असेही मी त्यांना सांगितले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)